चाळीस टनांत चारच माणसं?

बीड जिल्ह्यात मोटारींचं प्रदर्शन वेगळं भरवावं लागत नाही. लग्नाची दाट तीथ धरून कुठल्याही मंगल कार्यालयासमोर उभं राहावं. पांढऱ्याशुभ्र, उंचच उंच गाड्या अशा काही लावलेल्या असतात की, नवरदेवाला घोड्यावरून अलीकडंच उतरून गाड्यांच्या फटीतून मांडव गाठावा लागतो. काचा काळ्या, मागच्या काचेवर कुण्या साहेबांचा, ताईंचा नाहीतर महाराजांचा फोटो, आणि एमएच-२३ च्या पुढं ४१४१. हा आकडा म्हणून वाचायचा नसतो, ‘दादा’ असा वाचायचा असतो. दादा कोण, हे विचारायचं नसतं.

दुसरं प्रदर्शन दसरा-दिवाळीच्या सुमारास. पाटोदा, आष्टी, वडवणी, धारूरकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रकमध्ये पत्र्याच्या पेट्या, पाण्याच्या घागरी, शेळ्या, कोंबड्या, लेकरं, उलटी टाकलेली बाज आणि सगळ्यांच्या वर एखादी सायकल. ट्रक कोणत्या कंपनीचा हे ओळखण्यापुरताही पत्रा बाहेर दिसत नाही. पुढं चार-सहा महिने हीच मंडळी दुसऱ्याच्या ट्रॉल्या भरतात.

अशा मुलखात गाडीकडं बघायची एक पद्धत तयार होते. रंग, आकार, कंपनी हे सगळं नंतर. आधी दोन प्रश्न: किती देते, आणि किती बसतात?

आमच्या चिरंजिवांना हे पटत नाही. तो सातवीत आहे आणि मोबाईलवर जुन्या मोटारींच्या मेळाव्यांचे व्हिडिओ बघतो. पुण्या-मुंबईची श्रीमंत मंडळी टोप्या घालून सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या गाड्या चालवतात आणि लोक दुतर्फा टाळ्या वाजवतात, तसलं काहीतरी. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यानं हट्टच धरला, की आपल्याला कार शो बघायचा.

“जुन्या गाड्या बघायला पुण्याला कशाला?” बप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणाले. “मामाच्या वाड्यात लिंबाखाली उभी हाय ती काय नवी हाय?”

ती जीप खरंच जुनी आहे. तिच्यात सध्या कोंबड्या अंडी घालतात.

शेवटी मुलीनं तोड काढली. ती नववीत आहे, घरातली वाद मिटवण्याची कामं तिच्याकडंच असतात. म्हणाली, पुण्याला नको, नगरला जाऊ. तिथं रणगाड्यांचं संग्रहालय आहे. गाड्याच आहेत, जुन्याच आहेत, आणि लढाई केलेल्या आहेत. शिवाय जवळच फराहबाग आहे, निजामशाहीतला महाल. म्हणजे गाड्यांचं प्रदर्शन आणि ऐतिहासिक वास्तू एकाच दिवसात. मुलाला गाड्या, बायकोला फोटो, बप्पांना इतिहास. आईला काय, हे कुणी विचारलं नाही. तिनं दशम्यांचं पीठ मळायला घेतलं होतं.

बप्पांचा आग्रह रेल्वेनं जायचा. त्याला कारण होतं. नगर-बीड-परळी रेल्वेला १९९५ साली मंजुरी मिळाली तेव्हा बप्पांचे केस काळे होते. सप्टेंबर २०२२ मध्ये गाडी आष्टीपर्यंत आली तेव्हा ते पांढरे झाले होते. आणि १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, गाडी एकदाची बीडला पोचली तेव्हा मोजण्याइतकेच उरले होते. एवढी वाट पाहिल्यावर माणसाला आपल्या गाडीत बसावंसं वाटणारच. पण मुलीनं वेळापत्रक काढलं. सकाळी नगरहून निघालेली गाडी दुपारी बीडला येते आणि तीच उलटी फिरून संध्याकाळी नगरला पोचते. म्हणजे नगरच्या माणसाला बीड बघून एका दिवसात परत जाता येतं, फक्त बीड बघायला अर्धा तास मिळतो. बीडच्या माणसाला नगर बघायचं तर मुक्काम पडतो.

“मुक्काम कुठं?” आईनं विचारलं.

नगरला आमचे नातेवाईक आहेत. पण मागच्या एका लग्नात आहेराच्या साडीवरून जे झालं, तेव्हापासून त्यांच्याकडं मुक्काम नको असं दोन्ही बाजूंनी ठरलेलं आहे. रेल्वे रद्द झाली. मामांच्या ओळखीतली क्रूझर ठरली.

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. पाटोदा ते मांजरसुंबा या रस्त्यावर त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षं काळीपिवळी जीप चालवली. एका फेरीत बावीस माणसं हा त्यांचा विक्रम. त्या बाविसांत एक नवरी होती आणि तिला बसायला जागा दिली होती, हे ते आवर्जून सांगतात. गाड्यांतलं घरातलं शेवटचं मत त्यांचं. त्यामुळं ते ड्रायव्हरशेजारी बसले आणि बीडपासून नगरपर्यंत तोंडानं गाडी चालवत राहिले. “दुसरा टाक. आता तिसरा. अरे, म्हैस बघ की!” ड्रायव्हर पोरगा समजूतदार होता. त्यानं कानात वायर घातली होती.

मांजरसुंब्याला उजवीकडं वळून लिंबागणेश, पाटोदा, सौताडा करत जामखेड येतं. जामखेड नगर जिल्ह्यात. जिल्हा आला म्हणून सोबत आलेल्या आत्यानं पदर सावरला, केसांवरून हात फिरवला. तर पुढं आष्टी, कडा. हे परत बीड जिल्ह्यात. मग पुन्हा नगर जिल्हा. भावकीतल्या वाटणीत गट जसे एकमेकांत घुसलेले असतात, तशी ही हद्द आहे. आत्यानं केस दोनदा सावरले आणि तिसऱ्यांदा सोडून दिले.

नगरचं कागदोपत्री नाव आता अहिल्यानगर. गावात शिरल्यावर मात्र जो तो नगरच म्हणतो. इथं लष्कराच्या चिलखती दलाचं केंद्र आणि शाळा आहे, आणि त्याच दलानं हे संग्रहालय उभं केलं. फेब्रुवारी १९९४ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बी. सी. जोशी यांच्या हस्ते ते उघडलं. ते स्वतः रणगाडेवाले. आत गेलं की झाडांच्या सावलीत ओळीनं रणगाडे उभे असतात: इंग्रजांचे, अमेरिकेचे, रशियाचे, जपानचे, आपले, आणि आपण पकडून आणलेले. सगळे धुतलेले, रंगवलेले. आईनं पहिला प्रश्न तोच विचारला.

“एवढं धुतं कोण रे?”

माहिती सांगायला एक जवान होता. त्याला वाटलं, आजी कौतुक करतायत. आई हिशेब करत होती.

दारातून आत गेल्यावर मुलाचा चेहरा उजळला, कारण समोर रोल्स-रॉइस होती. सिल्व्हर घोस्ट. पण लाकडी पॉलिशची, चांदीच्या बाहुलीची नव्हे. तिच्या सांगाड्यावर पोलादी पत्रे चढवून, डोक्यावर मशीनगनचं गोल टोपलं ठेवून केलेली चिलखती मोटार. पहिल्या महायुद्धात या गाड्या वाळवंटात धावल्या. चाकांवर चालणारी, इंजिन दमदार, पत्रा जाड. बप्पांनी लगेच अलवारच्या महाराजांची गोष्ट सांगितली: कंपनीनं अपमान केला म्हणून त्यांनी रोल्स-रॉइस गाड्या कचरा उचलायला लावल्या, वगैरे. मुलीनं विचारलं, “याला पुरावा काय, आबा?” बप्पांनी मोबाईल काढला. बप्पांच्या हिशेबानं जे दोन वेगवेगळ्या ग्रुपवरून आलं, ते सिद्ध झालं.

मामा गाडीच्या मागं जाऊन आले. “डिकी नाही,” त्यांनी जाहीर केलं आणि रोल्स-रॉइसचा विषय संपवला.

त्यानंतर विजयंता. विकर्स कंपनीच्या आराखड्यावरून चेन्नईजवळ अवाडीच्या कारखान्यात तयार झालेला आपला रणगाडा. एकाहत्तरच्या युद्धात होता. तोफ लांबलचक, अंग बसकं. मुलानं तोफेखाली उभं राहून फोटो काढून घेतला. जवान सांगत होता, चिलखत असं, तोफ अशी, पल्ला असा. मामा ऐकून घेत होते, पण त्यांचा प्रश्न ओठांवर आलेला दिसत होता.

“किती बसतेत?”

“चार जण, काका.”

“चार?” मामांनी रणगाड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर टाकली. “वजन किती म्हणलाव?”

“चाळीस टनांच्या आसपास.”

“चाळीस टनांत चारच माणसं?”

मामा इतके हळहळले की, जवानालाही अपराध्यासारखं वाटायला लागलं असावं. त्यानं समजावून सांगितलं: एक चालवणारा, एक तोफ भरणारा, एक नेम धरणारा आणि एक कमांडर. प्रत्येकाची जागा ठरलेली. मामांनी ते ऐकलं नाही. त्यांनी आपल्या पद्धतीनं रणगाडा भरायला घेतला. ड्रायव्हरच्या शेजारी एक, गिअर टाकताना थोडं सरकायचं. आत चार आहेतच, मांडीवर दोन लेकरं. वरच्या घुमटावर चार आरामात. मागं इंजिनावर गरम लागतं, म्हणून तिथं पोती टाकायची आणि पोत्यांवर कॉलेजची पोरं. दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर पाय सोडून तीन-तीन. तोफेच्या नळीवर माणूस घेऊ नये, वळणावर दुसऱ्याला लागतं. पण पिशव्या अडकवायला नळी उत्तम.

“वीस तर कुठंच गेले नाहीत,” मामा म्हणाले. “आणि मागं ट्रॉली का जोडत नाहीत?”

“काका, ट्रॉली जोडून लढाई कशी करायची?”

“जाताना नाही. येताना. रिकामं कशाला यायचं?”

जवानानं यावर काही उत्तर दिलं नाही. लष्करात असं शिकवत नसावेत.

पुढं पॅटन होता. पकडून आणलेला. १९६५ च्या युद्धात पाकिस्ताननं अमेरिकेकडून मिळालेले पॅटन रणगाडे पंजाबात घुसवले, आणि खेमकरणजवळ असल उत्तरच्या लढाईत आपल्या सैन्यानं त्यांचा फडशा पाडला. इतके निकामी झालेले आणि सोडून दिलेले रणगाडे तिथं गोळा झाले की, त्या जागेला पॅटननगर म्हणायला लागले. हे सगळं मुलीनं पाठ केलेलं होतं. बप्पा पॅटनभोवती एक फेरी मारून आले. आमच्या घरात कुणाचीही नवी गाडी आली की ते अशीच फेरी मारतात आणि मग विचारतात तेच त्यांनी विचारलं.

“किती देते?”

यंत्रांतलं थोडंफार मी वाचलेलं आहे, म्हणून उत्तर मी दिलं. या एम-४७ पॅटनच्या टाकीत ८८० लिटरच्या आसपास इंधन मावतं आणि टाकी भरून तो रस्त्यावर १६० किलोमीटर जातो. बप्पांनी डोळे मिटले. ते शिक्षक होते, भागाकार तोंडी करतात. डोळे उघडून ते मला म्हणाले, “लिटरला किती किलोमीटर हे विचारलं मी. तू किलोमीटरला किती लिटर सांगतोस.”

“तसंच आहे ते. किलोमीटरला साडेपाच लिटर.”

“डिझेल?”

“पेट्रोल.”

इथं मामासुद्धा गप्प झाले. बीडहून नगरला पोचता पोचता जवळजवळ अख्खी टाकी रिकामी, आणि आजच्या भावानं टाकी भरायला नव्वद हजारांच्या वर. क्रूझरचा ड्रायव्हर लांब उभा होता, तोही वायर काढून जवळ आला.

“सीएनजी किट बसत नाही का?” त्यानं जवानाला विचारलं.

आत्या मात्र वेगळ्याच गोष्टीचा शोध घेत होती. ती वाकून पॅटनच्या पुढच्या बाजूला काहीतरी पाहत होती. मग कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

“लिंबू-मिरची बांधायला कुठं जागाच नाही याला,” ती म्हणाली. “मग सापडणारच की.”

आणि पॅटन कुणाला सापडला? जीपला. ही गोष्ट सुरू झाली तेव्हा मामांनी जवानाला थांबवलं आणि बाकावर नीट बसून घेतलं. ४ ग्रेनेडिअर्सचे हवालदार अब्दुल हमीद यांच्याकडं रणगाडाविरोधी रिकॉइललेस तोफ होती, आणि ती तोफ साध्या उघड्या जीपवर बसवलेली होती. उसाच्या शेतांच्या आडून जीप पुढं काढायची, नेम धरायचा, बार काढायचा आणि धुराळा उठायच्या आत जागा बदलायची. चिलखत नाही, छप्पर नाही. एकामागून एक पॅटन त्यांनी असे निकामी केले आणि १० सप्टेंबर १९६५ ला त्याच जीपवर त्यांना मरण आलं. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. जवान हे सांगताना सावधान उभा राहिला होता, आणि आम्हीही आपोआप उभे राहिलो.

मामा मात्र बसून होते. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “जीप. आणि उसात?”

“हो.”

“उसात जीप घालायची म्हणजे खायचं काम नाही,” मामा म्हणाले. एवढ्या रणगाड्यांत त्या दिवशी त्यांनी कौतुकाचं बोललेलं हे एकच वाक्य.

पुढच्या रणगाड्यांवर मंडळी भराभर निकाल देत गेली. जपानचा हा-गो हा सात-साडेसात टनांचा छोटेखानी रणगाडा बायकोला पसंत पडला. “घ्यायचाच असेल तर एवढा घ्या, गल्लीत वळेल तरी.” रशियाचा पीटी-७६ पाण्यात पोहतो, हे ऐकल्यावर बप्पांना बिंदुसरा आठवली, तिला पूर आला की पलीकडं राहणाऱ्यांची होणारी अडचण आठवली, आणि नगरपालिकेनं असा एखादा घ्यावा अशी सूचना त्यांनी केली. तिथं एक व्हॅलेंटाइन नावाचा इंग्रजी रणगाडाही आहे, सोळा-सतरा टनांचा. बायकोनं पाटी दोनदा वाचली. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यात नवऱ्यानं पहिल्यांदाच व्हॅलेंटाइन दाखवला, तोही तिकीट काढून आणि सासू-सासऱ्यांसोबत, असं तिनं आईला ऐकू जाईल इतक्याच आवाजात सांगितलं.

दशम्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि कैरीचं लोणचं बाहेर झाडाखाली उरकलं. जवानालाही आग्रह करून एक दशमी दिली. मामांनी त्याला पाटोद्याला आल्यावर घरी यायचं निमंत्रण दिलं. त्यांना रणगाडा आतून बघायचा राहिला होता, आणि पुढच्या वेळेची सोय ते आत्ताच करून ठेवत होते.

फराहबाग तिथून लांब नाही. मोठ्या कोरड्या खड्ड्याच्या मध्यभागी उंचच्या उंच अष्टकोनी इमारत. घुमटाखालचं मधलं दालन दोन मजले उंच, चारी बाजूंना भल्या थोरल्या कमानी, गिलावा बऱ्याच ठिकाणी निसटलेला, आत पाखरांचा गलबला. बांधकाम १५८३ मध्ये पुरं झालं. तो खड्डा म्हणजे तलाव होता. भोवती पाणी, पाण्यात महाल. नगरच्या निजामशहांनी खापरी नळांतून दुरून पाणी आणून सगळ्या शहरभर खेळवलं होतं, त्यातलं इथंही येत होतं. ताजमहालाची कल्पना शहाजहानला हा महाल पाहून सुचली असं नगरची माणसं सांगतात. ती अर्थात सांगणारच. आमच्याकडंही अशा पुष्कळ गोष्टी आहेत.

आमच्या माणसांनी महालाकडं रणगाड्यासारखंच पाहिलं, म्हणजे घरी घेऊन जायचा असल्यासारखं.

“घराभोवती पाणी?” आई कमानीत उभी राहून म्हणाली. “आणि आम्ही टँकरमागं घागरी घेऊन पळायचो.” २०१५-१६ चा दुष्काळ तिच्या डोळ्यांसमोरून हलत नाही. सुलतानाविषयी तिचं मत तिथंच थोडं कलुषित झालं. मुलीनं पुढचं सांगितल्यावर ते पुरतंच बिघडलं.

मुलीनं सांगितलं ते असं. महालाचं पहिलं बांधकाम सुलतानाला पसंत पडलं नाही, म्हणून पाडून पुन्हा बांधायला लावलं, असं म्हणतात. बायकोनं माझ्याकडं पाहिलं. आमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याची फरशी बदलायची आहे, हे तिनं नव्यानं सांगायची गरज नव्हती. सुलतान मुर्तजा निजामशहा इथं येऊन बुद्धिबळ खेळत बसायचा. दिल्लीच्या एका गवयाबरोबर. त्या गवयासाठी बागेत वेगळा लाकडी महालही बांधून दिला होता.

“आणि कारभार कोण बघायचं?” आईनं विचारलं.

“वजीर. सलाबतखान.”

“म्हणजे एक बसून खेळणार आणि दुसरा राबणार,” आई म्हणाली आणि बप्पांकडं पाहून घेतलं. बप्पा घुमटाची उंची बघत होते. निवृत्तीनंतर बप्पा रोज संध्याकाळी पारावर कॅरम खेळतात.

बप्पांना वाटणीची चिंता होती. अष्टकोनी घर आठ भावांना कसं वाटायचं? प्रत्येकाला एक बाजू, एक कमान. पण मधलं दालन कुणाचं? जिना कुणाच्या हद्दीत? ते खरोखरच पावलं मोजत फिरले. आमच्या घरी अशी वाटणी होऊन बरीच वर्षं झाली. मधल्या दालनासारखंच तिथं एका पडवीवरून दोन वर्षं कोर्टात तारखा पडल्या, त्यामुळं बप्पांना या विषयाची सवय आहे.

“निजामशहाकडं वाटणी कशी झाली?” मामांनी विचारलं.

मुलगी जरा थांबली. मग तिनं सांगितलं की, १५८८ मध्ये मुर्तजाच्या मुलानं बापाला हमामखान्यात कोंडलं, दारं बंद केली आणि खालून जाळ लावला.

कुणी काही बोललं नाही. बप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी माझ्या मुलाकडं पाहिलं. तो मोबाईलवर रोल्स-रॉइसचे फोटो बघत होता. आमच्या घरात बाथरूमची कडी आतूनच लागते, बाहेरून नाही, हे मी मनातल्या मनात तपासून घेतलं.

परतीच्या वाटेवर उजेड होता तोपर्यंत मुलीनं सलाबतखानाचं प्रकरण लावून धरलं, आणि आमच्या सहलीत खरी जान तिथून आली. नगरच्या पूर्वेला डोंगरावर एक तीन मजली अष्टकोनी इमारत लांबून दिसते. सगळं नगर तिला चांदबिबीचा महाल म्हणतं. ती चांदबिबीची नाही. ती सलाबतखानाची कबर आहे. फराहबाग त्याच्या देखरेखीखाली पुरी झाली, ओळखली जाते निजामशहाच्या नावानं. आणि तिसरी गोष्ट तर आमच्या दारातली. बीडची खजाना विहीर. बीडहून मांजरसुंब्याकडं जाताना लागते ती. मुर्तजा निजामशहाच्याच काळात बीडचा जहागीरदार असलेल्या सलाबतखानानं राजा भास्कर या जाणकाराकडून ती बांधून घेतली, फराहबाग पुरी होत होती त्याच सुमारास. जहागिरीचा सगळा खजिना त्यानं विहिरीत घातला, म्हणून ती खजाना विहीर, अशी गोष्ट बीडमध्ये शेंबड्या पोरालाही माहीत असते. सलाबतखान कोण, हे कुणाला माहीत नसतं.

मामा जुने व्यवहारी. त्यांनी बोटं मोजली. “महाल सुलतानाच्या नावावर. विहीर खजिन्याच्या नावावर. कबर त्या बाईच्या नावावर. अरे, मग या माणसाचं सातबाऱ्यावर हाय तरी काय?”

“मेहनत कॉलमात असेल,” मी म्हणालो.

“तसला कॉलम नसतो,” बप्पा म्हणाले.

मांजरसुंबा ओलांडल्यावर विहिरीपाशी थांबलोच. आतापर्यंत तिच्यावरून किती वेळा गेलो असू, पण सहल म्हणून थांबायचं हे पहिल्यांदाच सुचलं. ऐसपैस गोल विहीर, आतल्या बाजूनं कट्टा, आणि भिंतीत शिरणारे भुयारी पाट. जमिनीखालून पाणी इथं येतं आणि उताराच्या जोरावर बलगुजारच्या शेतांना जातं. मोट नाही, मोटार नाही, विजेचं बिल नाही. पाचशे एकरांच्या वर जमीन साडेचारशे वर्षं तिच्यावर भिजत आली, आणि दुष्काळातही ती पुरती आटत नाही अशी तिची ख्याती आहे. बप्पांनी कठड्यावर हात ठेवला. पॅटनभोवती मारली तशीच फेरी त्यांनी विहिरीभोवतीही मारली आणि चेहऱ्यावर दिवसभरात पहिल्यांदा समाधान घेऊन आले.

“बघा,” ते म्हणाले. “एकाच मालकानं दोन कामं केली. वाटणीत नगरला महाल गेला, आपल्याला विहीर आली. महालात काय हाय? पाखरं. विहिरीत काय हाय? पाणी. शहाणा माणूस वाटणीत विहीर मागून घेतो, लक्षात ठेव.”

हे शेवटचं मला उद्देशून होतं. मी मान डोलावली. पण बायको पाठीमागं उभी होती. तिचा आवाज नेहमीसारखाच मृदू होता.

“बप्पा, मग आपल्या वाटणीत विहीर मोठ्या काकांकडं कशी गेली?”

आईनं चटकन पिशवी उचलली. आत्याला एकाएकी विहिरीतल्या पाकोळ्या दिसल्या. मामांनी दुसरीकडं तोंड करून तंबाखूची डबी काढली, त्यांचे खांदे हलत होते.

“ए, गाडी काढ रे,” बप्पा ड्रायव्हरला म्हणाले.